तिसरा पिस्टन

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली तसं टेबल एका अंगाला कललं. बाजाराची साधी कापडी पिशवी होती, पण आत भाजी नव्हती. जुन्या मोटरसायकलचा ओतीव लोखंडाचा सिलिंडर होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला, खाली वर्तमानपत्र पसरून त्यावर उभा केला आणि शेजारी तीन पिस्टन ओळीनं मांडले. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचा पुठ्ठ्याचा डबा. तिन्ही डब्यांवर माझ्या वडिलांचं नाव छापलेलं होतं.

"सर्जेराव मांडरे तुम्हीच का?"

मी हो म्हणालो.

"मी सुगंधा रेवाळे. देवरुखहून आले. पहाटेच्या गाडीनं."

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. मी एकोणतीस वर्षांचा होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं दोन लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ज्या मोटरसायकली कंपन्यांनी बनवायच्या सोडल्या होत्या, पण लोकांनी चालवायच्या सोडल्या नव्हत्या, त्यांचे पिस्टन आम्ही बनवायचो. शिरोलीच्या फौंड्रीतून ओतीव नग आणायचे, लेथवर कातून मापाला आणायचे, डब्यात घालून स्पेअर पार्टच्या दुकानांना पाठवायचे. सांगलीपासून सावंतवाडीपर्यंत आमचा माल जायचा. कातायचं सगळं काम इलाही मुजावर करायचे. ते माझ्या वडिलांचे भागीदार नव्हते, नोकरही नव्हते. दोघांनी मिळून पहिला लेथ बसवला होता, एवढंच. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. मला मायक्रोमीटर धरायला इलाही चाचांनीच शिकवलं होतं.

बाई बसल्या. चाळिशीच्या आतबाहेर असतील. नखांच्या कडांना ग्रीस मुरलेलं होतं, साबणानं न जाणारं. माझी नजर तिकडे गेली तसे त्यांनी हात मांडीवर घेतले, आणि मग पुन्हा टेबलावर ठेवले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या नवऱ्याचं, अनंत रेवाळ्यांचं, देवरुखला गॅरेज. वीस वर्षांचं नाव. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात, बोलणं नीट उमटत नाही. गॅरेज बंद पडायची वेळ आली. पण बाई पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली पाने देत होत्या, पार्ट धूत होत्या, बघत होत्या. त्यांनी ठरवलं की आपण उघडं ठेवायचं. नवऱ्यानं खुर्चीत बसून डाव्या हातानं दाखवायचं, त्यांनी करायचं. पंक्चर, ब्रेक, कार्ब्युरेटर सगळं जमलं. मग शितूत मास्तरांनी आपली बासष्ट सालची मोटरसायकल आणून उभी केली. इंजिन पूर्ण उघडून नव्यानं भरायचं होतं. मास्तर म्हणाले होते, अनंतानं आजवर हात लावलाय, आता तू लाव.

पहिला पिस्टन बसवला. रत्नागिरीहून सिलिंडर डब्यावरच्या मापानं बोअर करून, म्हणजे आतून कातून रुंद करून, आणला. गाडी तीन किलोमीटर गेली आणि इंजिन जाम झालं. पिस्टन आतच धरला. पुन्हा सगळं उघडलं, सिलिंडर पुढच्या मापाला बोअर केला, दुसरा पिस्टन घातला. ह्या वेळी नऊ किलोमीटर गेली. मग पिस्टनवरची रिंग मोडली आणि सिलिंडरला खोल चरा पाडून गेली.

"गावात काय बोलतात ते सांगत नाही," बाई म्हणाल्या. "दोघांनी आपल्या गाड्या उचलून संगमेश्वरला नेल्या. मास्तर काही बोलत नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं."

तिसरा पिस्टन त्यांनी बसवलाच नव्हता. आता ह्या सिलिंडरची भिंत एवढी पातळ झाली होती की आणखी एकदाच बोअर करता आला असता. ते चुकलं की सिलिंडर भंगारात. दुसरा मिळणार नव्हता. म्हणून त्या तिसरा पिस्टन घेऊन आयटीआयतल्या एका निदेशकांकडे गेल्या होत्या. त्यांच्याकडे दोन दिवस जाऊन मायक्रोमीटर वाचायला शिकल्या, आणि तिन्ही पिस्टनची मापं स्वतः घेऊन वहीत लिहिली. पण एवढ्या बारीक मापावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

मी घाईनं म्हणालो की तीनही बदलून देतो, नवीन घेऊन जा.

"बदलून नकोत," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा. माझा हात चुकला की तुमचा माल?"

मागे लेथ थांबला. चाचा आमच्याकडे पाठ करून उभे होते. पट्टा थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले आणि मग फडक्यानं लेथची गादी पुसायला लागले. पुसलेलीच जागा ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

मला उत्तर ठाऊक होतं. मागच्या गणपतीपासून ठाऊक होतं. चाचा मायक्रोमीटर खिडकीकडे नेऊन बघायला लागले होते. मग खिडकीतही तिरका धरायला लागले. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि तो पडायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढुरका दिसायचा. त्यांचे थोरले भाऊ फार वर्षांपूर्वी कुठल्याशा गावच्या शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करून आले आणि उरलं होतं तेही दिसेनासं झालं. तेव्हापासून चाचा तो विषय काढू देत नसत. आणि मी काढलाही नव्हता. माल जातोय ना, तक्रार कुठे आहे, असं मी मनाशी म्हणत होतो. तक्रार आता माझ्यासमोर बसली होती.

बाई म्हणाल्या, "तिसरा कोरा आहे. माझ्यासमोर मोजता का?"

नाही म्हणायला काही जागा नव्हती. मी मायक्रोमीटर घेतला, पिस्टन पुसला, माप घेतलं. डब्यावर जे लिहिलं होतं त्यापेक्षा तो नऊ शतांश मिलिमीटर जास्त होता. माणसाच्या केसाची जाडी सहा-सात शतांश असते. ऐकायला काहीच नाही. पण इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, आणि त्याला फुगायला ठेवलेली जागा तेवढीच असते. ती आम्ही आधीच खाऊन टाकली होती. म्हणजे बाईंनी हा पिस्टन बसवला असता तर तो एक किलोमीटरही गेला नसता.

मी वर पाहिलं. चाचांची पाठ दिसत होती. फडकं थांबलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "डब्यावर लिहिलंय तेवढंच आहे. बोअरिंगवाल्यानं घाण केली असेल. नाहीतर पेट्रोलमध्ये ऑईल कमी पडलं असेल. फिटिंगमध्ये होतं असं कधी कधी."

बाईंनी वही उघडली. आपल्या आकड्यावर बोट ठेवून त्या थोडा वेळ बघत राहिल्या. त्या भांडतील असं मला वाटलं. भांडल्या असत्या तर मी कदाचित कबूल केलं असतं.

"मग मला वाचता आलं नसेल," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत काय येणार." वही मिटली. सिलिंडर पिशवीत घातला. दोन वापरलेले पिस्टन घातले. तिसरा टेबलावरच राहू दिला. "मग हातच चुकला असेल," असं म्हणाल्या. ते मला उद्देशून नव्हतंच. मग त्या पायऱ्या उतरून गेल्या.

चाचा माझ्यासमोर येऊन बसले. बाईंच्याच खुर्चीत. हात पुढे केला. मी तिसरा पिस्टन त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं गोल फिरवला.

"किती आहे?"

"चाचा, ते जाऊ द्या."

"किती आहे, सर्जा?"

"नऊ जास्त."

त्यांनी मान हलवली. पिस्टनच्या खाचेत रिंग फिरू नये म्हणून एक बारीक पिन ठोकलेली असते. तिच्यावरून त्यांनी नख फिरवलं. ती जागेवर नसली की रिंगचं तोंड सिलिंडरच्या आतल्या खिडकीसमोर, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकासमोर, येतं, तिथं अडकतं आणि मोडतं. बाईंचा दुसरा पिस्टन असाच गेला होता. चाचांच्या नखाला ते कळलं असावं, कारण ते तिथंच थांबलं.

"रेघा दिसत नाहीत मला," ते म्हणाले. "अंदाजानं बघतो. तुला कधीपासनं ठाऊक आहे?"

"गणपतीपासनं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला लागलं असतं."

बाहेर शेजारच्या वर्कशॉपात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. चाचांनी पिस्टन टेबलावर ठेवला.

"मला लागू नये म्हणून त्या बाईला लावून पाठवलंस," ते म्हणाले. "मीपण गप्प बसलो. माझं मी बघतो. तू तुझं बघ. देवरुखची गाडी दीडची असती. जा."

मी स्कूटर काढली. स्टँडवर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. बाई बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या. पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये होती. मांडीवर भाकरीचं फडकं उघडं होतं, पण भाकरी तशीच होती.

रस्त्यात मी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. मी उभ्या उभ्या म्हणालो, "तुमचा हात चुकला नाही. माल चुकला. मी तुमच्यासमोर माप खोटं वाचलं."

त्यांनी फडक्याची गाठ बांधली. वही काढली, पेन्सिल काढली.

"आकडा सांगा."

"नऊ शतांश जास्त."

त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. तिथं आधीच नऊ लिहिलेलं होतं. पहिल्यापुढे सहा, दुसऱ्यापुढे दोन. दुसऱ्याच्या खाली, 'पिन?' असं लिहून त्याभोवती गोल काढला होता. म्हणजे त्यांना तेही दिसलं होतं, फक्त विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तीन महिने मी त्या माणसापुढे ताट ठेवते आणि मान वर करून बघत नाही. त्यांचं वीस वर्षांचं नाव मी घालवलं असं वाटायचं. आणि तुम्ही एका मिनिटात म्हणालात, फिटिंगमध्ये होतं असं."

मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसलो.

"का वाचलंत खोटं?"

मी चाचांबद्दल सांगितलं. डोळ्यांबद्दल, भावाबद्दल, आमच्या घरी मी लहानपणापासून त्यांच्या मांडीवर बसून जेवलो त्याबद्दल. माझी बाजू मांडायची म्हणून नाही. त्यांनी विचारलं म्हणून. त्या ऐकत राहिल्या. देवरुखची गाडी फलाटाला लागली, लोक दाराशी गर्दी करायला लागले, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आमच्याकडेही हेच चाललंय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासमोर कुणी काही बोलत नाही. आजारी माणूस, त्रास होईल. मी पण नाही बोलत. इंजिन जाम झालं तेव्हा मी त्यांना सांगितलं, मास्तर बाहेरगावी गेलेत म्हणून गाडी न्यायला आले नाहीत. त्यांना सगळं कळत होतं. ते नुसते माझ्याकडे बघत बसले."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी निघून गेली. बाईंनी पिशवी उचलली. मी हात पुढे केला तर दिली नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "हा सिलिंडर शेवटचा आहे. ह्या वेळी पिस्टन माझ्यासमोर कातायचा, आणि माप मी वाचणार."

देवरुखला शेजारच्या घरी फोन करून त्यांनी उद्या येते असा निरोप ठेवला. मुक्कामाची सोय चाचांच्या घरी झाली. चाचांना काही सांगावं लागलं नाही. आम्ही वर्कशॉपात शिरलो तेव्हा त्यांनी आपला लेथ पुसून ठेवला होता, आणि शेजारी लाकडी स्टुलावर बसले होते.

"ये सर्जा," ते म्हणाले. "उभा राहा."

त्या लेथवर मी तोवर कधीच पिस्टन कातला नव्हता. बुश कातायचो, पिना कातायचो, पण पिस्टन चाचांचा. मी नग पकडीत बसवला. पहिला कट घेतला. चाचा डोळे मिटून बसले होते. "हत्यार दाबतोस," ते म्हणाले. "आवाज बघ कसा किरकिरतोय. सोड थोडं." मी सोडलं. आवाज एकसारखा झाला, रेशीम फाडल्यासारखा. प्रत्येक कट झाला की बाई पुढे होऊन मायक्रोमीटर लावायच्या आणि आकडा मोठ्यानं वाचायच्या. पहिल्या दोन वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नंतर त्यांनी पाहणं सोडलं.

पहिला नग मी बिघडवला. शेवटच्या कटाला चाचा म्हणाले, "थांब, हात गरम आहे तुझा, पिस्टनही गरम आहे, आता माप घेतलंस तर खोटं येईल." मला वाटलं झालं आता. मी थांबलो नाही, आणि गार झाल्यावर तो तीन शतांश कमी भरला. बाईंनी वहीत कमी तीन लिहिलं आणि म्हणाल्या, "दुसरा लावा." चाचा हसले. महिनोन्महिने मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या नगाला प्रत्येक कटानंतर आम्ही चहा पीत बसलो. पिस्टन गार होईपर्यंत चाचा बाईंना शिकवत होते. डब्यावर काय लिहिलंय त्यावर कधी विश्वास ठेवू नका, माझ्याही डब्यावर नाही. आधी पिस्टन हातात घ्यायचा, मोजायचा, खाली मोजायचा, वर मोजायचा, आणि मग त्या मापाला सिलिंडर बोअर करायचा. आजवर तुम्ही उलटं केलंत. तुमची चूक नाही, सगळेच उलटं करतात. बाई लिहून घेत होत्या. रिंगची पिन कुठं बसवायची ते त्यांनीच ठरवलं: पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी धरून आतल्या खिडक्या बघितल्या, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीसमोर पेन्सिलीनं खूण केली, आणि चाचांचा अंगठा धरून त्या खुणेवर टेकवला. चाचा म्हणाले, "इथंच."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी मागच्या गल्लीतून सिलिंडर बोअर करून आणला. बाई मशीनशेजारी उभ्या राहिल्या आणि माप आपण घेतल्याशिवाय त्यांनी तो खाली उतरवू दिला नाही. बाईंबरोबर मीही देवरुखला जाणार होतो. जायच्या आधी मी फळीवरचे तयार डबे सगळे खाली काढले, अडतीस होते. ते मोजमाप होईपर्यंत बाहेर जाणार नाहीत असं चाचांसमोर म्हणालो. दुकानदारांना पत्रं लिहायची होती. काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं. चाचा म्हणाले, "मुजावरला दिसत नव्हतं असं लिही. त्यात काय."

मग ते म्हणाले की त्यांनाही देवरुखला यायचंय.

गॅरेज म्हणजे घराचीच पुढची पडवी होती. अनंत रेवाळे दारातल्या खुर्चीत बसले होते. उंच माणूस, आता एका बाजूला झुकलेला. बाईंनी त्यांना सांगितलं की हे कोल्हापूरचे मांडरे, आणि हे इलाही चाचा. पिस्टन ह्यांचे. मला वाटलं त्या पुढचं सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. मापं चुकलेली होती, मांडऱ्यांनी आधी खोटं सांगितलं, मग स्टँडवर येऊन खरं सांगितलं. आणि मास्तर बाहेरगावी गेले नव्हते, तेही आपण खोटंच सांगितलं होतं. सगळं एका दमात, नवऱ्याकडे बघून.

रेवाळ्यांनी डावा हात वर केला आणि मोटरसायकलकडे बोट केलं. बसव.

दुपारी अडीचपर्यंत इंजिन भरून झालं. मी पाने देत होतो, त्या बसवत होत्या. पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला तो आपल्या वजनानं संथ खाली गेला, मध्ये कुठे न अडखळता. रेवाळे खुर्चीतून पुढे झुकून बघत होते. एकदा बाईंनी नट आवळला तेव्हा त्यांनी घशातून आवाज काढला, आणि बाईंनी तो पाव फेरा सैल केला.

शितूत मास्तर आले होते. खादीचा सदरा, काठी. कोपऱ्यात उभे राहिले. रस्त्यावर आणखी चारपाच माणसं काही काम नसल्यासारखी उभी होती.

पाचव्या किकला इंजिन लागलं. निळसर धूर आला, मग विरला. बाईंनी ते दोन मिनिटं चालवलं आणि बंद केलं. गार होऊ दिलं. पुन्हा चालवलं. असं तीनदा. मग साडीचा पदर खोचला, गाडीवर बसल्या आणि साखरप्याच्या रस्त्याला लागल्या.

जाऊन येऊन वीस मिनिटांत परत यायला हव्या होत्या. अर्धा तास झाला. मास्तर घड्याळ बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. सव्वा तास झाला. रस्त्यावरच्या माणसांतला एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं पानाच्या टपरीकडे गेले. मी मनातल्या मनात सगळं पुन्हा मोजत होतो: पिस्टन, बोअर, पिन. पिनेची जागा आम्ही बघितली होती. बघितली होती ना? मी चाचांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून बसले होते, लेथजवळ बसायचे तसे. रेवाळेही तसेच बसले होते. दोघांची ओळख काही तासांची, आणि दोघांच्या माना एकाच बाजूला.

आधी ते दोघे हलले. मला काही ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. रेवाळ्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बोटं ठेक्यानं उचलायला लागले. मग मलाही आवाज आला. एकसारखा, चढावर जड होणारा आणि पुन्हा मोकळा होणारा.

बाई आल्या. गाडी स्टँडला लावली. चेहऱ्यावर धूळ होती.

"बत्तीस किलोमीटर," त्या म्हणाल्या. "थेट साखरप्यापर्यंत जाऊन आले. दर पाच किलोमीटरला थांबवून गार केली. म्हणून उशीर झाला."

मग त्या नवऱ्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या. रेवाळ्यांचं तोंड हललं. पहिला शब्द अडकला. आम्ही सगळे इकडे तिकडे बघायला लागलो, आजारी माणसासमोर बघतात तसे. बाई बघत राहिल्या. त्यांनी नवऱ्यासाठी शब्द पुरा केला नाही.

"म... मला," रेवाळे म्हणाले, आणि थांबून, पुन्हा सुरुवात करून, "मला ठाऊक होतं. हात... तुझा... चांगला आहे."

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवर हात ठेवला. "आमच्या मेहुण्याची एक आहे," ते म्हणाले. "साठ सालची. उद्या घेऊन यायला सांगतो."

संध्याकाळच्या आधीची गाडी आम्हाला मिळाली. बाई स्टँडपर्यंत आल्या. चाचांना वाकून नमस्कार करायला लागल्या तर त्यांनी करू दिला नाही. त्या मला म्हणाल्या, पुढचा पिस्टन पाठवाल तेव्हा माप डब्यावर छापू नका, हातानं लिहा, आणि कुणी मोजलं त्याचं नाव लिहा. तसं आम्ही नंतर कायम केलं.

चाचांना मी खिडकीची जागा दिली. साखरपा मागे पडलं तेव्हा त्यांनी तोंड माझ्याकडे फिरवलं. मग म्हणाले, "मिरजेला डोळ्याचे डॉक्टर आहेत म्हणतात. चांगले आहेत?"

"चांगले आहेत."

"सोमवारी जाऊ. तू येशील ना बरोबर? मला एकट्याला भीती वाटती."

मी येतो म्हणालो. मला तेव्हा माहीत नव्हतं की एक डोळा छान सुधारेल, दुसरा थोडा, आणि ते आणखी अकरा वर्षं त्या लेथवर उभे राहतील. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की त्यांनी विचारलं.

गाडी आंबा घाट चढायला लागली. उन्हं कलली होती. चाचांनी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं.

"बाहेर काय दिसतंय?" ते म्हणाले. "सांग मला. सगळं सांग."

मी त्यांच्याकडे सरकलो आणि सांगायला लागलो. खाली दरी आहे. दरीत झाडी आहे, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. लांब एक वाट दिसतेय, पांढरी, आणि तिच्यावरून कुणीतरी डोक्यावर भारा घेऊन चाललंय.